कार्यारंभीं संकटांचा विचार

वैशाख सरूं लागला कीं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत घरोघर एक लगबग दिसूं लागते. कोणी घरावरचीं कौलें परतीत असतो, कोणी लाकूडफाटा पडवींत रचीत असतो. बायका मिरच्या, कोकम, पापड व सुकी मासळी डब्यांत नि मडक्यांत भरून ठेवितात. आणि खाडीकांठचे लोक होड्या वर ओढून त्यांवर झांपांचें छप्पर घालितात. ह्या तयारीस कोंकणांत 'आगोट' म्हणतात. आगोट भरणाऱ्या आजीबाईस पाऊस कोणत्या तारखेस येणार हें ठाऊक नसतें; व्हाळाला पूर येऊन बाजाराची वाट किती दिवस बंद राहील हेंही ठाऊक नसतें. परंतु तसें होण्याचा संभव आहे, आणि झालें तर घरांत चुलीस लाकूड व जेवणास मीठमिरची असली पाहिजे, एवढें तिला पक्कें ठाऊक असतें. जें ठाऊक नाहीं त्याची सोय, जें ठाऊक आहे त्याच्या आधारानें तिनें करून ठेविलेली असते.

आज ज्यास प्रकल्प-व्यवस्थापन म्हणतात, त्या शास्त्रांतील एक मोठें प्रकरण हें ह्या आगोटीचेंच विस्तृत रूप आहे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कित्येक पुढें अभियंते, कारखानदार, बागायतदार किंवा शिक्षक व्हाल, आणि प्रत्येकास केव्हां ना केव्हां एखादें नवें कार्य अंगावर घ्यावें लागेल. म्हणून ह्या प्रकरणाचीं मूलतत्त्वें येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ निश्चित करूं. ठराविक मुदतींत, ठराविक पैशांत आणि ठराविक दर्जाचें करावयाचें जें एकदांचें काम, त्यास प्रकल्प म्हणतात. रोज गाडी चालविणें हा प्रकल्प नव्हे. गाडीसाठीं मार्ग बांधणें हा प्रकल्प होय. तें काम पूर्वीं आपण केलेलें नसतें, म्हणून त्यांत नकळत गोष्टी पुष्कळ असतात. दुसरा शब्द जोखीम. संकट हें ओढवलेलें असतें. जोखीम ही ओढवण्याचा संभव असलेली असते. संकट आलें म्हणजे धांवपळ करावी लागते. जोखीम दिसली म्हणजे विचार करण्यास अवधि असतो. हा अवधि वायां न घालविणें, एवढ्यांतच ह्या शास्त्राचें सार आहे.

१. जोखीम ओळखणें

ह्या विषयाचा धडा घेण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या गांवावरून जाणारी कोंकण रेल्वे हाच त्याचा सर्वांत मोठा धडा आहे. १९९० सालीं ह्या कामासाठीं स्वतंत्र महामंडळ स्थापन झालें. श्री. ई. श्रीधरन हे त्याचे पहिले प्रमुख होते. त्याच वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं रोहा येथें कोनशिला बसविण्यांत आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा हा मार्ग. वाटेंत लहानमोठे मिळून सुमारें दोन हजार पूल आणि नव्वदांहून अधिक बोगदे. रत्नागिरीच्या उत्तरेस असलेला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे, आणि दक्षिणेकडे निवसरच्या वाटेवर असलेला पानवलचा पूल सुमारें ६४ मीटर उंच आहे. हें सारें काम पांच वर्षांत उरकण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत मार्ग सलग खुला होण्यास १९९८ सालचा जानेवारी उजाडला. तरीही प्रदेशाची बिकटता पाहतां, हें काम इतक्या वर्षांत झालें ह्याचेंच जाणत्या लोकांस नवल वाटतें.

अशा कामांत काय काय बिघडूं शकेल, ह्याची यादी आपण करूं लागलों तर ती कशी होईल? पहिली जोखीम सृष्टीची. आपल्याकडे वर्षांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. दुसरी भूगर्भाची. वर टणक जांभा दिसतो, परंतु त्याखालीं पुष्कळ ठिकाणीं मऊ चिकण मातीचा थर असतो, आणि पाणी मुरलें कीं तो सरकूं लागतो. तिसरी माणसांची. ह्या मार्गासाठीं सुमारें ४२ हजार खातेदारांची जमीन घ्यावी लागली. त्यांतील कोणाच्या आजोबांनीं लाविलेलीं कलमें होतीं, कोणाचें घर होतें. चौथी पैशाची. भांडवलाचा मोठा भाग रोखे विकून उभारला होता, म्हणजे काम जितके दिवस लांबेल तितके दिवस व्याज चढत जाणार. पांचवी लोकमताची व राज्यकारभाराची. आणि सहावी, जी कित्येक याद्यांत सर्वांत शेवटीं लिहिली जाते, ती कामावरच्या मजुरांच्या जिवाची.

ह्यांपैकीं कांहीं जोखमी कशा खऱ्या ठरल्या, हें पाहण्यासारखें आहे. गोव्यांत मार्ग कोठून न्यावा ह्याविषयीं मोठें आंदोलन झालें. खाजण शेती व जुन्या गोव्यांतील पुरातन वास्तु ह्यांस धक्का पोहोंचेल अशी लोकांस धास्ती वाटत होती. १९९३ सालीं तेथील काम कांहीं काळ थांबवावें लागलें व चौकशी आयोग नेमावा लागला. टणक खडकांतून बोगदे खोदण्यास स्वीडनहून यंत्रें आणिलीं होतीं आणि तीं उत्तम चाललीं. परंतु जेथें खडकाऐवजीं पाण्यानें भिजलेली माती लागली, तेथें त्या यंत्रांचा उपयोग होईना. गोव्यांतील पेडण्याच्या बोगद्यांत माती पुनःपुनः ढांसळे, आणि हातांनीं इंचाइंचानें पुढें सरकावें लागे. संपूर्ण मार्गांत सर्वांत अधिक वेळ खाल्ला तो ह्या मऊ मातीच्या बोगद्यांनीं. बाहेरून डोंगर डोंगरासारखाच दिसतो. त्याच्या पोटांत काय आहे हें विचारणें म्हणजेच जोखीम ओळखणें.

ओळखण्याचे मार्ग साधे आहेत. जागेवर पायीं हिंडावें. पूर्वीं असें काम ज्यांनीं केलें त्यांस विचारावें. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' ही म्हण ह्या शास्त्राचें पहिलें सूत्र मानण्यास हरकत नाहीं. गांवच्या वृद्धांस विचारावें, कारण कोणता व्हाळ कोणत्या सालीं पात्र सोडून वाहिला हें नकाशांत नसलें तरी त्यांच्या स्मरणांत असतें. आणि मुख्य म्हणजे, धोका बोलून दाखविणाऱ्यास कोणीं हंसूं नये. 'अपशकुन कशाला करतोस?' असें म्हणून ज्या सभेंत धाकट्याचें तोंड बंद केलें जातें, त्या सभेची यादी नेहमीं अपुरी राहते.

लिहितांनाही एक शिस्त पाळावी. 'पावसाचा धोका' इतकेंच लिहिणें म्हणजे कांहींच न लिहिणें. कारण, घटना व परिणाम हीं तिन्ही लिहावीं. 'मुसळधार पावसानें माती भिजून दरड रुळांवर येईल व गाडी घसरून माणसें दगावतील' असें वाक्य लिहिलें कीं, उपाय कोठें करावयाचा हें त्या वाक्यांतच दिसूं लागतें. पाऊस थांबविणें आपल्या हातीं नाहीं. परंतु माती भिजूं न देणें, दरड रुळांवर येऊं न देणें, आणि आलीच तर गाडी तिच्यावर आदळूं न देणें, हीं तिन्ही कामें माणसाच्या हातचीं आहेत.

२. जोखीम तोलणें

यादी झाली म्हणजे ती पन्नास कलमांची होते, आणि पन्नास धोक्यांकडे सारखेंच लक्ष देऊं पाहणारा मनुष्य एकाकडेही नीट लक्ष देऊं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक जोखमीस दोन प्रश्न विचारावे. ती घडण्याचा संभव किती? आणि घडलीच तर हानि किती? दोन्हींस एक ते पांच असे अंक द्यावे व त्यांचा गुणाकार करावा. ज्याचा गुणाकार मोठा तें कलम वर घ्यावें.

आमच्या वर्गांतील मुलांस आम्हीं एकदां हाच हिशेब घालून दिला होता. वर्गाची सहल गणपतीपुळ्यास जावयाची होती. मुलांनीं धोके लिहिले: मोटारीचें चाक पंक्चर होईल, डब्यांतील अन्न आंबेल, ऊन लागेल, कोणी समुद्रांत जाईल. मोटार अडकून खोळंबा होण्याचा संभव त्यांनीं चार धरिला व हानि दोन, गुणाकार आठ. समुद्रांत बुडण्याचा संभव एक धरिला, 'कारण गुरुजी पाण्यांत जाऊंच देणार नाहींत', व हानि पांच, गुणाकार पांच. म्हणजे हिशेबाप्रमाणें पंक्चर झालेलें चाक हें समुद्रापेक्षां मोठें संकट ठरलें!

वर्गांत हंशा पिकला, परंतु त्या हंशांत एक मोठा धडा होता. गुणाकार हा विचारास साहाय्य आहे, विचाराच्या जागीं बसणारा नव्हे. एक हानि अशी असते कीं ती भरून निघते: वेळ गेला, पैसा गेला, तर तो पुनः मिळवितां येतो. दुसरी हानि अशी कीं ती कधींही भरून निघत नाहीं. दुसऱ्या जातीच्या जोखमीस गुणाकाराच्या तागडींत घालूंच नये; तिचा संभव कितीही थोडा असो, ती वेगळी काढून यादीच्या मस्तकीं लिहावी. गणपतीपुळ्याच्या समुद्रानें आजवर किती पोहणाऱ्या तरुणांस गिळलें आहे, हें आपल्या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको.

तोलतांना आणखी एक तिसरा प्रश्न विचारावा: हें संकट येण्यापूर्वीं आपणांस सूचना मिळेल काय? पूर चढतांना दिसतो, पाण्यास वेळ लागतो. दरड मात्र रात्रीं क्षणार्धांत येते. ज्या संकटाची चाहूल लागत नाहीं, त्याची तयारी अधिक आधीं केली पाहिजे.

३. उपाय योजणें

जोखमीस तोंड देण्याचे चार मार्ग शास्त्रकारांनीं सांगितले आहेत: टाळणें, कमी करणें, दुसऱ्यावर सोंपविणें आणि पत्करणें.

टाळणें म्हणजे ज्यामुळें धोका संभवतो तें कृत्यच न करणें. सहलींतील कोणींही पाण्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं, असा नियम केला कीं ती जोखीम टळली. मार्ग आंखतांना खचणारी उतरण सोडून वळसा घेणें हेंही टाळणेंच होय. परंतु सर्वच टाळूं गेल्यास कांहींच घडणार नाहीं. जो दर्यास भितो त्यास मासळी मिळत नाहीं.

कमी करण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते एक मानण्याची चूक पुष्कळ लोक करितात. एक, घटनेचा संभव कमी करणें. दुसरा, घटनेची हानि कमी करणें. रेल्वेच्या बाजूच्या डोंगरास पोलादी जाळ्या लावणें, उतरणीचा चढ कमी करणें, पाणी वाहून जाण्यास गटारें खणणें, ह्यांनीं दरड येण्याचा संभव घटतो. पावसाळ्यांत गाडीचा वेग कमी ठेवणें ह्यानें दरड कमी होत नाहीं. परंतु हळू चालणाऱ्या गाडीस दिवा लागतांच थांबतां येतें, म्हणून हानि घटते. शहाणा मनुष्य दोन्ही करितो, कारण पहिला उपाय फसला तर दुसरा उभा असतो.

सोंपविण्याचें उदाहरण आपल्या हापूसच्या बागांत आहे. मोहोर टिकेल कीं गळेल, तुडतुडा पडेल कीं अवकाळी पाऊस येईल, ह्याचा भरंवसा नसल्यामुळें कित्येक बागायतदार आपली बाग ठराविक रकमेस कराराने देतात. पीक उत्तम आलें तर नफा करारदाराचा. बुडालें तर तोटाही त्याचाच. फळपिकाचा विमा उतरविणें हाही त्याच जातीचा उपाय. मात्र येथें एक गोष्ट विसरूं नये. दुसऱ्यावर सोंपवितां येते ती पैशाची हानि. ठेकेदाराशीं केलेल्या करारांत मजुराच्या जिवाची जबाबदारी कितीही वेळां लिहून दिली, तरी ज्यानें काम काढिलें त्याच्या मनावरून ती उतरत नाहीं, उतरूंही नये.

चौथा मार्ग पत्करण्याचा. कांहीं जोखमी इतक्या लहान असतात, किंवा त्यांवरचा उपाय इतका महाग असतो, कीं त्या सोसणेंच बरें. परंतु सोसणें निराळें आणि डोळे मिटणें निराळें. पत्करणारा मनुष्य आधींच वेळ, पैसा व धान्य राखून ठेवितो. कोंकण रेल्वेचें पावसाळी वेळापत्रक हें ह्याचें सुंदर उदाहरण आहे. पावसाळ्यांत गाड्यांस उशीर होणार हें आधींच मान्य करून, प्रवासाची वेळच वाढवून छापितात. तो उशीर मग घोटाळा राहत नाहीं. तो ठरविलेला होतो.

उपाय योजल्यावर पुनः एकदां विचार करावा, कारण उपायाच्या पोटीं नवा धोका जन्मास येत असतो. ह्याचा अनुभव आम्हांस त्याच सहलींत आला, आणि तो सांगण्यास आम्हांस संकोच वाटत असला तरी सांगणें कर्तव्य आहे.

४. पहारा ठेवणें

मुलांस पाण्यापासून दूर ठेविलें. त्यामुळें तीं किनाऱ्यावर एकत्र राहण्याऐवजीं सुरूंच्या झाडींत, देवळाच्या मागच्या टेकडीकडे, शहाळींवाल्यांकडे अशीं पांगलीं. आम्हीं आमच्या यादींत लिहिलें होतें कीं 'दर तासास मुलांची मोजदाद करावी.' वाक्य उत्तम होतें. परंतु तें कोणीं करावें हें लिहिलेलें नव्हतें. आम्ही तिघे शिक्षक होतों. प्रत्येकास वाटलें कीं दुसऱ्यानें मोजलें असेल. निघावयाच्या वेळीं एक मुलगा कमी भरला. ती पाऊण घटका आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. दोघे शिक्षक समुद्राच्या दिशेनें धांवले, आणि तो अंधारूं लागलेला समुद्र आम्हांस त्या वेळीं किती विस्तीर्ण दिसला म्हणून सांगावें! मुलगा सुखरूप होता. उन्हानें डोकें दुखूं लागल्यामुळें मोटारीच्या मागच्या बांकावर झोंपी गेला होता. देवाचे आम्हीं आभार मानिले. परंतु आमची चूक त्यानें लहान होत नाहीं. जोखीम आम्हीं ओळखिली होती, तोलिली होती, उपायही लिहिला होता. उपायास धनी नव्हता.

आमच्या मतें ह्या सर्व शास्त्रांतील कळीची गोष्ट हीच आहे. ज्या जोखमीपुढें एका माणसाचें नांव व एक तारीख लिहिलेली नाहीं, ती ओळखिली काय आणि न ओळखिली काय, दोन्ही सारखेंच. आमच्या सहलींत ह्या चुकीची किंमत पाऊण घटकेची धास्ती एवढीच पडली. सर्वत्र ती इतकी स्वस्त पडत नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांत, तिवरे येथें मातीचें धरण होतें. २ जुलै २०१९ रोजीं रात्रीं मुसळधार पावसांत तें फुटलें, आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं धोका अज्ञात नव्हता. धरणास गळती आहे असें ग्रामस्थ आधींपासून सांगत होते, आणि पावसाळ्यापूर्वीं कांहीं डागडुजीही झाली होती. धरण फुटल्यावर एका मंत्रिमहाशयांनीं खेंकड्यांनीं तें पोखरलें असें म्हटलें, व त्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु खेंकडा बांध पोखरतो हें भात लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो पावसांत इरलें किंवा घोंगडी घेऊन बांधावरून फिरत असतो. कारण खेंकडा असो वा दुसरें कांहीं असो, प्रश्न एकच उरतो: गळती वाढते आहे कीं नाहीं हें त्या रात्रीं पाहण्याचें काम कोणाचें होतें, आणि ती वाढली तर भेंदवाडीचीं दारें ठोठावून लोकांस उठविण्याचें काम कोणाचें होतें? ह्या प्रश्नाचें उत्तर पावसाळ्याआधीं एका ओळींत लिहिलेलें असतें, तर धरण कदाचित् फुटलेंच असतें, परंतु घरें रिकामीं असतीं.

रेल्वेनेंही हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. २२ जून २००३ च्या रात्रीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वैभववाडीनजीक, कारवारहून मुंबईस येणारी गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली व पन्नासांहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षीं १६ जून रोजीं रायगड जिल्ह्यांत करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून घसरली व पुनः माणसें गेलीं. पावसाळ्यांत दरड येते हें कोणास ठाऊक नव्हतें? परंतु ठाऊक असणें आणि पहारा असणें ह्यांत अंतर होतें. त्यानंतर डोंगरउतारांची कामें मोठ्या प्रमाणावर हातीं घेण्यांत आलीं, आणि पावसाळ्यांतील पहारा अधिक कडक झाला. आतां पावसाळ्यांत शेंकडों माणसें मार्गावर गस्त घालितात. धोक्याच्या जागीं अहोरात्र पहारेकरी असतात. स्थानकांवर पाऊस मोजण्याचीं यंत्रें आहेत, वाशिष्ठी व सावित्री ह्यांसारख्या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढल्याची सूचना देणारी योजना आहे, आणि पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारें यंत्र आहे. पाऊस इतका वाढला कीं पुढचें नीट दिसेना, म्हणजे गाडीचा वेग ताशीं ४० किलोमीटरांवर आणावा, असा चालकांस हुकूम असतो. पहा, ह्या हुकमांत 'सावधगिरी बाळगावी' असा मोघम उपदेश नाहीं. कोणती खूण दिसतांच, कोणीं, काय करावयाचें, हें सारें त्यांत ठरलेलें आहे.

अर्थात् ह्यामुळें संकटें संपलीं असें नव्हे. पेडण्याच्या त्याच बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्यें ढांसळली. जुलै २०२४ मध्यें त्या बाजूस बोगद्यांत पाणी शिरून गाड्या थांबल्या, आणि त्याच महिन्यांत खेडनजीक दिवाणखवटीस दरड आली. परंतु ह्या वेळीं गाड्या थांबल्या, आदळल्या नाहींत. जोखीम-विचाराचें यश असेंच असतें. तें दिसत नाहीं, कारण जी गोष्ट घडली नाहीं तिची बातमी होत नाहीं. कंदील घेऊन रात्रभर रुळांवरून चाललेल्या पहारेकऱ्याचें नांव, गाडींत झोंपलेल्या उतारूस कधींच कळत नाहीं.

विश्वास आणि सावधगिरी

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत एक शंका येईल. सर्व कांहीं देवाच्या हातीं आहे असें मानणाऱ्यानें संकटांचीं गणितें मांडीत बसावें काय? हा अविश्वास नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफ हा विश्वासी पुरुष होता. तरी पुढें दुष्काळ येणार हें कळतांच त्यानें सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत भरविला. यरुशलेमेचा कोट पुनः बांधणाऱ्या नहेम्यानें प्रार्थना केली आणि पहाराही बसविला. अर्धे लोक बांधीत, अर्धे भाले घेऊन उभे राहत, आणि इशाऱ्याचें शिंग वाजविणारा नेमून आपल्या शेजारीं ठेविला होता. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत तर प्रभूनेंच दिला आहे. विश्वास म्हणजे डोळे मिटणें नव्हे. आपल्या हातीं जें आहे तें पूर्णपणें करून, जें आपल्या हातीं नाहीं तें शांत मनानें त्याच्या हातीं देणें, हाच आम्ही विश्वास समजतों. जो पहारेकरी नेमीत नाहीं आणि 'देव राखील' असें म्हणतो, तो विश्वास ठेवीत नाहीं, आळस लपवितो.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत एक लहानसा प्रयोग करून पहा. आपल्या घरीं किंवा वाडींत एखादें काम निघालें असेल, विहिरीचा कठडा बांधणें, शेतघराचें छप्पर, बहिणीच्या लग्नाचा मांडव, कांहींही; त्यासाठीं वहीच्या एका पानावर पांच रकाने आंखा. पहिल्यांत जोखीम लिहा, कारण-घटना-परिणामांसह. दुसऱ्यांत तिचा संभव व हानि. तिसऱ्यांत उपाय. चौथ्यांत तो करणाऱ्याचें नांव. पांचव्यांत कोणत्या दिवशीं तें पुनः पाहावयाचें ती तारीख. पहिले तीन रकाने तुम्ही उत्साहानें भराल. चौथा भरतांना लेखणी अडखळेल, कारण तेथें कोणास तरी विचारावें लागतें, कबूल करवावें लागतें, आणि पुष्कळदां स्वतःचेंच नांव लिहावें लागतें. तो रकाना रिकामा ठेवूं नका.

आणि पुढच्या वेळीं रत्नागिरी स्थानकावर गाडीची वाट पाहत असाल, तेव्हां तेथील श्रमशक्ति स्मारकापाशीं क्षणभर थांबा. कोंकण रेल्वे बांधतांना ७४ माणसें मृत्यु पावलीं. तीं माणसें कोणाचे तरी बाप, भाऊ, मुलगे होते. आपण ज्या रुळांवरून निश्चिंतपणें मुंबईस जातों, ते त्यांच्या श्रमांनीं व प्राणांनीं घातले गेले आहेत. तुमच्यांपैकीं जो कोणी उद्यां अभियंता होऊन नवा पूल किंवा नवें धरण बांधील, त्यानें आपल्या जोखमींच्या यादींत ही जोखीम शेवटच्या ओळींत लिहूं नये. पहिल्या ओळींत लिहावी, आणि तिच्यापुढें स्वतःचें नांव लिहावें.